गोण्यांचं धुवण

तोंडावर तिला सगळे गोदामताई म्हणत. पाठीमागे तिचं नाव अमोनिया होतं. नाकाला झोंबते, डोळ्यांतून पाणी काढते आणि दार लावलं तरी फटीतून आत येते, असं त्या नावाचं स्पष्टीकरण मोठा हमाल प्रत्येक नव्या माणसाला देत असे. ताईला हे नाव ठाऊक होतं आणि त्याचा तिला फारसा रागही नव्हता. ज्यांना अमोनियावर विनोद सुचतात, त्यांना अमोनियापासून चार हात लांब राहायला का सुचत नाही, एवढाच तिचा प्रश्न होता.

खताचं ते गोदाम ती लग्नानंतर दोनेक वर्षांनी सांभाळू लागली आणि तेव्हापासून तिचा घसा बसलेलाच होता. काम तसं सरळ होतं. गोण्या आल्या की त्या लाकडी फळ्यांवर रचायच्या, भिंतीला चिकटवायच्या नाहीत, थप्पी छातीच्या वर न्यायची नाही. ओल लागू द्यायची नाही, कारण युरियाला ओल लागली की गोणीचा दगड होतो आणि मग गिऱ्हाईक मोगरीने तो फोडत बसतं आणि शिव्या गोदामाला देतं. नायट्रेटच्या गोण्या वेगळ्या खोलीत, आणि त्या खोलीत विस्तव नाही, तेलाचा डबा नाही, भुसा नाही, उन्हात तापलेली मोटारसायकलसुद्धा नाही. हे खत स्वतः निमूट पडून राहतं, पण आग लागली तर आगीच्या बाजूने उभं राहतं. एवढं लक्षात ठेवायला काही फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

पण लक्षात ठेवायचं म्हणजे आधी ऐकायला हवं ना! मोठा हमाल नायट्रेटच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून सिगारेट ओढायचा आणि ताई ओरडली की म्हणायचा, मी बाहेर आहे, धूर फक्त आत जातोय. धाकटे हमाल दुपारी पिण्याच्या बाटल्या गार करायला घमेल्यात पाणी घेऊन त्यात दोन ओंजळी युरिया टाकायचे. पाणी खरंच गारेगार व्हायचं, त्यात बाटल्या बुडवून ठेवायच्या, आणि मग त्याच ओल्या हातांनी जेवायला बसायचं. हात धुवा म्हटलं की पाण्यातच तर होते हात, असं उत्तर तयार. समोरचा शिंपी तिच्याकडून मूठभर खत मागून नेई आणि मुठीने भलं होतं तर पसाभराने किती भलं होईल, या हिशेबाने कुंडीतल्या गुलाबाला घाली. गुलाब जळून काडी झाला की तोच शिंपी खत भेसळीचं आहे म्हणून भांडायला येई. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. एकेका दिवशी ताईला वाटे, आपण गोदाम सांभाळत नाही, भिंतींना शिकवणी घेतो.

आणि रिकाम्या गोण्या! खताची रिकामी गोणी म्हणजे त्या अख्ख्या वस्तीचा जीव की प्राण. ती मजबूत, ती फुकट, तिच्यातून पाणी झिरपत नाही. तिचे पडदे होत, पायपुसणी होत, कोंबड्यांच्या खुराड्याची छपरं होत, शिंप्याकडून तिच्या बाजारच्या पिशव्या शिवून घेतल्या जात. कुणीतरी त्यात धान्य भरून ठेवल्याचं कानावर आलं की ताई जेवण अर्धं टाकून तिथे जाई आणि दारात उभी राहून त्या घराचा उद्धार करी. लोक खाली मान घालून ऐकत आणि ती वळली की धान्य पुन्हा त्याच गोणीत. येरे माझ्या मागल्या.

या सगळ्यावर कडी म्हणजे धाकटी जाऊ. गोदामाच्या मागच्या गल्लीत दोन भावांची दोन घरं होती, मध्ये एक अंगण, एक नळ आणि कोपऱ्यात एक विहीर. ताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोच्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली होती की तो तिच्या ओरडण्यात शांतपणे बारीक स्क्रू बसवत असे. धाकटा दीर ट्रकवर होता, महिन्यातून एकदा उगवायचा. त्यामुळे त्या घरात खरी होती ती जाऊ आणि तिची गाय. गाय तिने स्वतः पै-पै साठवून घेतली होती. घरात नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं असं सगळं होतं, तिचं म्हणावं असं तेवढंच एक. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि जाऊ रस्त्याने जाताना सुद्धा गाईसारखी जपून पावलं टाकू लागली होती.

ही जाऊ हमालांकडून ओलीने खराब झालेल्या गोण्या आणायची. आत युरियाची ढेपळं चिकटलेली असत. त्या ती नळाखाली भिजत घालायची, धुवून वाळवायची आणि शिंप्याला द्यायची. धुतलेलं पाणी पहिल्या पहिल्यांदा ती विहिरीच्या कडेला ओतायची. ते पाहून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ते पाणी जमिनीत मुरून विहिरीत उतरतं, तान्ह्या मुलाला बाधतं, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट आटवलं तर वाढतं. हे सगळं तिला तेव्हा सांगायचं होतं. प्रत्यक्षात ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं एवढंच म्हणाली होती की, विहिरीत विष कालवतेस का, ओतायचंच असेल तर झाडांना ओत.

आणि आश्चर्य म्हणजे जावेने ते ऐकलं. आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदा तिचं ऐकलं होतं, तेही या बाईने. तेव्हापासून गोण्यांचं धुवण एका मोठ्या बादलीत साठू लागलं आणि रोज संध्याकाळी त्यातलं तांब्या-तांब्या परसातल्या भाजीला जाऊ लागलं. भाजी तरारली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. ताईलाही मनातून बरं वाटलं, पण तसं ती बोलली नाही. कौतुक करायला लागलं की माणसं शेफारतात, असा तिचा अनुभव होता. तो अनुभव कधी घेतला होता, हे मात्र तिला आठवत नसे.

त्या दिवशी सकाळी ती गोदामाला निघाली तर बादली भरलेली, उघडी, गोठ्याच्या तोंडाशी. आदल्या दिवशी छत गळून बऱ्याच गोण्या भिजल्या होत्या, त्यातल्या जावेने आणल्या होत्या, त्यामुळे धुवण नेहमीपेक्षा दाट होतं. तळाशी ढेपळं विरघळत पडली होती. नळावर शेजारच्या दोघीतिघी पाणी भरत होत्या. ताईला गोदामात पोचायला उशीर झाला होता, मोठ्या हमालाची सिगारेट तिला इथूनच दिसत होती, आणि ती चालता चालता कडाडली, "अक्कल गहाण टाकलीस का? झाक ती बादली. प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का तुला?"

नळावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. ताई पुढे गेली आणि गोदामात पोचेपर्यंत ती बादली विसरलीही, कारण तिथे धाकट्या हमालाने नायट्रेटच्या खोलीत, सावलीला म्हणून, आपली मोटारसायकल लावली होती.

दुपारी गोदाम बंद करून ती जेवायला घरी आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. गाय गोठ्याबाहेर उभी होती, म्हणजे उभी राहायचा प्रयत्न करत होती. पाय लटपटत होते, कातडी थरथरत होती, डावी कूस फुगून आली होती आणि तोंडाला फेस. दात खाण्याचा करकर आवाज अंगणभर ऐकू येत होता. जाऊ तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. कुणी म्हणालं पोट फुगलंय, तेल पाजा. कुणी म्हणालं काहीतरी चावलं. शेजारीण चुलीवर पाणी तापवत होती, कोमट पाण्याने उतार पडतो म्हणून. ज्याला गाईचं शेपूट कुठल्या बाजूला असतं ते माहीत नाही, त्यानेही सल्ला दिला.

घड्याळवाला नवरा गुरांच्या डॉक्टरला फोन लावून उभा होता. डॉक्टर वाटेत होता, पण पोचायला वेळ लागणार होता, आणि त्याचा एकच प्रश्न होता, गाईने खाल्लं काय? तो नवऱ्याने जावेला पुन्हा पुन्हा विचारला. जावेचं उत्तर ठरलेलं. गवत, पेंढा, नेहमीचंच.

ताई गाईजवळ गेली. फेसाचा वास तिच्या नाकात शिरला आणि तिला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. हा वास तिच्या कपड्यांना येत होता, उशीला येत होता, तिच्या टोपणनावाला येत होता. तिने गोठ्याकडे पाहिलं. बादली उघडीच होती आणि निम्म्याहून जास्त रिकामी.

तिच्या छातीत जो शब्दांचा लोंढा उसळला, तो तिने आयुष्यात कधी अडवला नव्हता. सकाळी काय म्हणाले होते मी? कानात बोळे घातले होते का? मूर्ख, हट्टी, निर्बुद्ध बाई! पण जावेने तिच्याकडे वर बघितलं आणि ताईला त्या नजरेत एक गोष्ट स्वच्छ दिसली. ही बाई आपल्याला घाबरून खोटं बोलतेय. आपण आता ओरडलो तर हिचा जबडा आणखी घट्ट मिटेल. बादलीतलं सगळं भाजीला घातलं असं सांगेल, आणि डॉक्टर फुगीचं औषध सांगेल, ते तेल पाजतील, आणि गाय डोळ्यांदेखत आडवी होईल. धुवण खरंच गाईच्या पोटात गेलं का, आणि कधी, हे ही एकटीच सांगू शकत होती.

ताई तिच्याशेजारी मातीत बसली. तोंड उघडलं तेव्हा आवाज इतका खाली आला की तो तिचा तिलाच ओळखू येईना.

"कधी प्यायली गं?"

जावेच्या गळ्यातून हुंदका फुटला. मघाशीच, म्हणाली. मी आत होते, बाहेर आले तर तोंड बादलीत. थोडंच प्यायली असेल असं वाटलं. युरिया चालतो ना गाईला, डॉक्टरनीच तर पेंढ्यावर शिंपडायला सांगितलाय, तोही हाच ना.

ते खरंच होतं. डॉक्टरने सांगितला होता, मापाने, पाण्यात कालवून, पेंढ्यावर शिंपडून, झाकून मुरवून, मग थोडा थोडा. आणि गाय तो खाऊन सुधारली होती. ताईला यावर संतापताही येईना. शिंप्याच्या गुलाबाचं जे झालं तेच होतं हे, फक्त गुलाबाला डोळे नव्हते.

तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि डॉक्टरला सांगितलं. मग डॉक्टर भराभर बोलू लागला. तेल नको. कोमट पाणी तर अजिबात नको. थंड पाणी तयार ठेवा, होईल तेवढं थंड, आणि व्हिनेगर मिळेल तेवढं गोळा करा. पाजायला तुम्ही जाऊ नका, फुप्फुसात जाईल, नळी मी घालीन. तोवर तिला बसू देऊ नका.

मग त्या अंगणात ताईचा नेहमीचा आवाज परत आला आणि त्या दिवशी तरी कुणाला तो खटकला नाही. तिने शेजारणीचं पाणी चुलीवरून उतरवून ओतून टाकायला लावलं. नवऱ्याला किराणा दुकानात पिटाळलं. हमालांना हाक मारली, आणि मोठा हमाल सिगारेट टाकून कोपऱ्यावरच्या खाणावळीत धावला. खाणावळवाला कशाला हवं, किती हवं, परत कधी देणार असं विचारत बसला तेव्हा हमालाने म्हणे त्याला सांगितलं की अमोनिया स्वतः येतेय. खाणावळवाल्याने व्हिनेगरचा अख्खा कॅन काढून दिला. धाकटे हमाल बर्फवाल्याकडून लाद्या घेऊन आले. गाय खाली बसायला लागली की सगळे मिळून तिला खांदे देत. ताई तिच्या डोक्याशी उभी राहून तिला दम भरत होती, बसायचं नाही, सांगून ठेवते, अजिबात बसायचं नाही, आणि तिथे जमलेल्यांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

डॉक्टर आला, नळी घातली, व्हिनेगर आणि बर्फाचं पाणी गाईच्या पोटात उतरवू लागला. काम करता करता तो एवढंच म्हणाला की, हे लवकर कळलं म्हणून, नाहीतर मी येऊन फक्त मान हलवली असती. पोटातलं बाहेर येऊ लागलं तसा अमोनियाचा भपका इतका सुटला की डोळे चोळत सगळे मागे सरले. ताई सरली नाही, तिला सवय होती. आणि जाऊ सरली नाही, कारण गाय तिची होती.

ऊन उतरलं तेव्हा कातडीची थरथर थांबली होती. कूस खाली आली. गाईने एक लांब उसासा सोडला आणि जावेचा हात चाटला. डॉक्टरने पोटाला कान लावून वासरूही ठीक वाटतं असं सांगितलं, पण आजचा दिवस नजर ठेवा म्हणाला आणि गेला. माणसंही पांगली. जाता जाता शेजारणीने जे विचारलं त्याने ताईचं डोकं पुन्हा ठणकलं. घरात व्हिनेगरची एक बाटली कायम ठेवून दिली तर चालेल ना, म्हणजे मग बादलीची काळजी नको? एवढं रामायण डोळ्यांसमोर घडलं आणि बाईने त्यातून काय उचललं, तर बाटली!

अंगणात दोघी जावा उरल्या. गाय त्यांच्यामध्ये. जाऊ बोलली, गाईकडे बघतच.

"झाकण हातात होतं माझ्या, ताई. सकाळी. ठेवतच होते मी बादलीवर. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, आणि त्या सगळ्या हसल्या. मग मी ते झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. म्हटलं, बघू काय होतंय."

ताईला ते भिंतीला टेकवलेलं झाकण दिसत होतं. तिच्या तोंडात बोलण्यासारखं खूप होतं. हट्टापायी मुक्या जिवावर बेतवलंस, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. मी झाकच म्हणाले होते, हेही खरंच होतं. पण जावेचं म्हणणंही तितकंच खरं होतं, आणि ही दोन्ही सत्यं एकमेकांशेजारी बसून तिच्याकडे बघत होती. तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचाही राग आला. एवढी वर्षं घसा फोडला तो कुणाच्या भल्यासाठी? हौस होती का मला?

"मग कसं सांगू?" ती शेवटी म्हणाली. "तू सांग. मला खरंच कळत नाही."

जावेने थोडा विचार केला. "काय करू नको ते सांगता तुम्ही नेहमी. केलं तर काय होतं ते सांगा की."

एवढंच? ताईला वाटलं, एवढं तर आपण शंभरदा सांगितलंय. मग तिने आठवून पाहिलं. शंभरदा तिने मनात सांगितलं होतं. तोंडातून दरवेळी बाहेर पडलं होतं ते फक्त नको, नको, आणि अक्कल आहे का.

मग ती सांगू लागली. आवाज बसला होता, त्यामुळे आपोआपच हळू. पेंढ्यावर शिंपडलेला युरिया गाईच्या पोटात हळूहळू सुटतो, पोटाला तो जिरवायला वेळ मिळतो. पाण्यातला एकदम सुटतो, पोटात त्याचा अमोनिया होतो आणि तो रक्तात चढतो. आंबट घातलं की तो जरा दबतो, गार पाण्याने त्याचा वेग मंदावतो, पण वेळ हातात असेल तरच. मग विहिरीचं सांगितलं, तान्ह्या मुलाचं सांगितलं, उकळून का जात नाही ते सांगितलं. बोलता बोलता तिचा सूर दोनदा चढला आणि दोन्ही वेळा तिने तो खाली आणला, मोठ्या कष्टाने, जड गोणी पाठीवरून उतरवावी तसा. मध्ये कुठे श्वास घ्यावा हेही तिला कळत नव्हतं. समोरचं माणूस उठून जाण्याच्या आत सगळं सांगून टाकायची तिला सवय होती.

पण जाऊ उठली नाही. गाईच्या पाठीवर हात ठेवून ती कपाळाला आठी घालून ऐकत होती, आणि विहिरीच्या गोष्टीपाशी तिने ताईला थांबवलं.

"थांबा ताई. हे मला नीट कळलं नाही. परत सांगा."

गोदामताईने तोंड उघडलं, आणि तिला एकदम रडू आलं. एवढ्या वर्षांत तिला कुणी परत सांगा म्हटलं नव्हतं.